तिकडचा मंगळवार

अठराशे पंचेचाळीसचा कायदा आहे तो,
एकतीस वर्षं मी तृतीय वर्षाला शिकवला.
रविवार प्रार्थनेचा. सोमवारी घोडागाडी जुंपायची,
मंगळवारी मोठ्या गावी जाऊन मत टाकायचं,
कारण बुधवारी बाजार.
मागच्या बाकावरच्या गायधनीनं विचारलं होतं,
‘मॅडम, आपल्यासारखाच? गोदाघाटावरचा?’
वर्ग हसला. मीही.
उत्तरपत्रिकेत त्यानं तेच लिहिलं
आणि मी पूर्ण गुण दिले.

आज बुधवार. पुलाजवळ
मेथीच्या जुड्या अजून ओल्या आहेत.
माझ्या पिशवीत, लसणाखाली, फोन थरथरतोय:
ओहायोत मतदान संपून दोन तास झाले.

नकाशा लाल होतो, निळा होतो.
मी फळ्यावर आधी रिकामा काढायचे,
घाईघाईत, फ्लोरिडा कायम मुळ्यासारखा लोंबायचा,
आणि म्हणायचे, जमीन मत देत नाही.
मग थांबून: इथे थोडीशी देते.
वायोमिंगला दोन सेनेटर, कॅलिफोर्नियालाही दोनच.
हे वाक्य इतक्यांदा उच्चारलंय
की त्यात आश्चर्य उरलं नाही,
नुसती खडूची चव.

मृण्मयीला तिथे बारा वर्षं झाली.
कर भरते. शाळांचा, रस्त्यांचा,
कुठल्या कुठल्या युद्धांचा.
मत नाही. रांगेत आहे.
रांग जन्मदेशाप्रमाणे लागते, आणि आपला देश मोठा.
‘प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही’
हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं,
आठवीत, वक्तृत्व स्पर्धेसाठी.
दुसरा नंबर आला होता.

तिचा पासपोर्ट मात्र इथला,
नाशिकरोडच्या प्रेसमधला.
तिचे बाबा तिथे पाळीवर जायचे
कोऱ्या पुस्तिकांचे आकडे तपासायला.
जेवताना म्हणायचे, आज चार हजार माणसं परदेशी धाडली,
एकाचाही चेहरा पाहिला नाही.
स्वतःचा त्यांनी कधी काढलाच नाही.

काल रात्री, म्हणजे तिच्या दुपारच्या आत, तिचा फोन आला.
शेजारच्या मिसेस विटमरना मतदानाला नेऊन आणलं, म्हणाली.
त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय
आणि गाडी मुलानं नेलीय.
मी विचारलं, त्यांच्या अंगणात पाटी कुणाची?
तिनं सांगितलं.
अगं, त्या पाटीवरच्या माणसाला
तुझी रांग आणखी लांबवायचीय.
‘माहितेय,’ ती म्हणाली,
‘पण पाऊस होता, आई.’

फोन ठेवून मी टिपण लिहायला बसले.
शीर्षक: ध्रुवीकरण. उपशीर्षक: शेजार.
दोन ओळी झाल्या, दुसरी खोडली.
मॉडेलमध्ये पाऊस कुठे घालायचा
ते मला कुणी शिकवलं नाही,
मीही कुणाला शिकवलं नाही.

मिसेस विटमरनी छोट्याला आपलं स्टिकर दिलं म्हणे:
‘मी मत दिलं.’
तो सहा वर्षांचा, तिथेच जन्मलेला,
घरातला एकुलता एक नागरिक.
त्यानं ते विटमरांच्या कुत्र्याला चिकटवलं.

मेथीवाली सोनी भोये, पेठकडची,
फोनकडे बघून विचारते, कोन येतंय निवडून?
मोजणी चालू आहे, मी म्हणते.
‘जास्त ज्याला, त्योच ना?’
मी तोंड उघडते.
एकतीस वर्षांचं उत्तर आहे माझ्याकडे,
पाचशे अडतीसपासून सुरू होणारं,
पण मागे एक बाई माझ्या खांद्यावरून
जुड्या निवडतेय
आणि सोनीला सुटे हवेत.
‘बहुतेक,’ मी म्हणते
आणि वीसची नोट पुढे करते.
ती उलगडून बघते.
‘फाटकी हाये. दुसरी द्या.’

मी पाकीट चाचपते.
फोन पुन्हा थरथरतो.
दोन्ही हातांत मेथी.